टक्के, पण कोणाचे?

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. मला रुग्ण फारसे भेटत नाहीत. भेटतात त्या रक्ताच्या बाटल्या आणि लघवीच्या डब्या. त्यांतून कोणता जंतू निघाला आणि त्याच्यावर कोणतं प्रतिजैविक चाललं, याचा वर्षाचा हिशेब म्हणजे अँटिबायोग्राम. आमच्या रुग्णालयाचा हा तक्ता मीच करते. तो करताना कळलेलं थोडंफार:

१. एका रुग्णाचा एक जंतू वर्षातून एकदाच मोजावा. आयसीयूत महिनाभर पडून असलेल्या रुग्णाच्या रक्तात, लघवीत, श्वासनलिकेतल्या स्रावात तीच क्लेबसिएला पुन्हा पुन्हा उगवते. दरवेळी मोजली, तर एका माणसाचा आजार सगळ्या रुग्णालयाच्या माथी बसतो. म्हणून फक्त पहिली वाढ धरायची. एखाद्या जंतूचे ३० नमुनेही जमले नसतील, तर त्याचे टक्के छापायचे नाहीत. 'शंभर टक्के सेन्सिटिव्ह' वाचून सर्जनसाहेब खूश होतात. खाली बारीक अक्षरात 'एकूण ४' लिहिलंय, ते कोण बघतो? व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ही गाळणी तेच करून देतं. त्यामुळे वेळ नाही ही सबब मला पटत नाही.

२. ओपीडी आणि आयसीयूचे तक्ते वेगळे ठेवावेत. लघवीला जळजळ म्हणून ओपीडीत आलेल्या बाईंच्या ई. कोलायवर नायट्रोफ्युरँटॉइन अजूनही बहुतेक वेळा चालतं. आयसीयूत कॅथेटर लावलेल्या रुग्णाचा ई. कोलाय नावाला तोच, पण वागायला निराळा. दोघांची सरासरी काढली की ओपीडीत उगाच भारी औषध जातं आणि आयसीयूत अपुरं पडतं. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात काम करतं, रक्तात पुरेसं उतरत नाही. त्याचा आकडा रक्ताच्या जंतूंच्या रकान्यात दिसला, की तक्ता कोणी न समजता केलाय हे ओळखावं.

३. देशाचा आकडा वाचावा, पण त्यावरून प्रिस्क्रिप्शन लिहू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) देखरेखीचं जाळं २०१३ पासूनचं. त्यांच्या अहवालांप्रमाणे ई. कोलायचा इमिपेनेम या राखीव औषधाला असलेला रेझिस्टन्स २०१६ मध्ये १४ टक्के होता, २०२१ मध्ये ३६ टक्के झाला. काळजी वाटावी असाच आकडा आहे. मात्र हे नमुने मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले, आणि तिथवर पोचणारे कितीतरी रुग्ण दोन-तीन ठिकाणची औषधं पचवून आलेले. तालुक्यातल्या दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा जंतू असा नसतो.

४. कल्चर आधी, डोस नंतर. मोठ्या माणसाच्या ब्लड कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. दोन-तीन मिली टाकून 'ग्रोथ नाही' म्हणून आमच्यावर रागावू नये.

५. टायफॉइडचं मला विशेष वाईट वाटतं. आपल्याकडे विडाल ही रक्तचाचणी करून मोकळं होण्याची सवय आहे. विडालमधून जंतू हाती लागत नाही, मग त्याच्यावर काय चालतं हे कळणार कुठून? ज्यांनी ब्लड कल्चर केली, त्यांच्या नोंदींमुळेच दिसलं, की भारतातल्या टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिन जवळजवळ निकामी झालंय आणि एकेकाळी बाद ठरलेल्या को-ट्रायमॉक्सॅझोल, अँपिसिलिनला जंतू पुन्हा दाद देऊ लागलाय.

६. रिपोर्टात काय छापायचं नाही, हेही ठरवावं. साधी औषधं चालत असतील तर मेरोपेनेमसारख्या राखीव औषधाचा निकाल आम्ही रोखून धरतो. मग रेसिडेंटचा फोन येतो :
"मॅडम, मेरोपेनेम लावलंच नाही का?"
"लावलंय. सेफ्ट्रायॅक्सोन चालतंय ना, ते द्या."
"पेशंट सिक आहे, मॅडम."
"मग सरांना फोन करायला सांगा."
सरांचा फोन आला की चर्चा होते, कधी निकाल देतेही. पण बरेचदा तो फोन येतच नाही.

७. तक्ता भिंतीवर लावून कोणी वाचत नाही. वॉर्डातल्या राउंडला जाऊन दाखवावा लागतो.

रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एक विनंती. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं तर घरात उरलेली गोळी घेण्याआधी नमुना द्या. आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागलं तरी रिपोर्ट न्यायला या. कित्येकदा त्यात आधीपेक्षा साधं आणि स्वस्त औषध लिहिलेलं असतं.