कालवडीची कांडी

गाय व्याली की घरधनी पहिले विचारतो, "काय झालं? कालवड का गोऱ्हा?"

आपल्या वर्धा जिल्ह्यातला गवळाऊ गोऱ्हा गाडीला मोठा चपळ. पूर्वी त्याचे कौतुक होई. आता शेतात ट्रॅक्टर आला. गोऱ्ह्याचे काम कमी झाले, वैरण मात्र तेवढीच लागते. म्हणून जो तो म्हणतो, "कालवडच पाहिजे."

त्यासाठी खास वीर्यकांडी निघाली आहे. तिला लिंगविनिश्चित वीर्य म्हणतात. नाव अवघड, पण अर्थ सोपा आहे. वळूच्या वीर्यात दोन तऱ्हेचे शुक्राणू असतात. एकापासून कालवड होते, दुसऱ्यापासून गोऱ्हा. यंत्राने कालवडीचे शुक्राणू निवडून काढतात. या कामाच्या देशी तंत्राचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या विदर्भातच, वाशीमला झाले.

या कांडीने जन्मलेल्या शंभर वासरांत सुमारे नव्वद कालवडी असतात. पण नीट ऐका. शंभर गाई भरवल्या तर नव्वद गाभण राहतील, असा याचा अर्थ नाही. साध्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात. या कांडीत फक्त वीस लाखांच्या आसपास. त्यातही यंत्रातून जाताना ते दमतात, फार वेळ जगत नाहीत. म्हणून गाय उलटण्याचा संभव जास्त.

आमच्या शेजारच्या एका बाईंची गाय तीनदा उलटली. दर खेपेला एकवीस दिवस वाया गेले. दूध आटले, उधारी वाढली. शेवटी डॉक्टरांनी तपासले, तर गर्भाशयात दोष निघाला. औषध झाले. मग साध्या कांडीने गाय फळली. गोऱ्हा झाला, पण घरात दूध आले. बाई म्हणाल्या, "गुरुजी, भाकड गायीपेक्षा गोऱ्हा बरा."

तेव्हा आपण एवढे करावे :

१. निरोगी, अंगाने भरलेली कालवड किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय निवडावी. उलटणाऱ्या गाईला ही कांडी देऊ नये.

२. सकाळ-संध्याकाळ माज पाहावा. सोट काचेसारखा स्वच्छ असावा.

३. माज केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवावी व डॉक्टरांना सांगावी. भरवण्याची घाई करू नये.

४. दोनदा उलटली तर आधी तपासणी करावी, मग पुढचा खर्च.

आता तुम्हाला लिहिता येते. गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा. तुमचे एकवीस दिवस वाचतील.

प्रश्न : १. गाय का उलटते? २. तुमच्या गाईच्या माजाची तारीख लिहा.