रोजचा वडापाव आणि मेंदूचे वय

प्रश्न : माझे वय ५८. अंधेरीचे ऑफिस सुटल्यावर बोरिवली स्टेशनबाहेर रोज वडापाव होतो. अशा खाण्याने विसराळूपणा वाढतो का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : एकट्या वडापावाला दोष देता येणार नाही, एकूण आहार पाहावा लागतो. मैदा, साखर, तळणाचा अतिरेक झाला की शरीरात सौम्य दाह रेंगाळतो आणि तो मेंदूलाही बाधत असावा. ग्रीसमध्ये १,०५९ ज्येष्ठांची सरासरी ३ वर्षे पाहणी झाली. २०२१च्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक दाहकारक आहार घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सर्वांत कमी दाहकारक आहारवाल्यांच्या तिप्पट आढळला. अर्थात, हा संबंध दिसला. कारण सिद्ध झालेले नाही. वडापाव आठवड्यातून एकदाच खा. एरवी उसळ, पालेभाजी, भाकरी, फळे. रक्तदाब, साखर तपासा. विसरण्यामुळे रोजचे व्यवहार अडू लागले, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा.