चैत्रगौर

गुढीपाडवा होऊन दोन दिवस लोटले कीं चैत्र शुद्ध तृतीयेस कित्येक घरांत गौर बसते. ती वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, उठते. हा एक चांद्रमास, सुमारें २९॥ दिवस, पार्वती माहेरीं येते अशी समजूत आहे. राजस्थानांत होळीपासून चालत आलेल्या गणगौरीच्या पूजेचा ज्या तृतीयेस शेवट होतो, त्याच तृतीयेस आपल्याकडे आरंभ होतो.

गौरीची लहान मूर्ति स्वच्छ घासून पाळण्यांत बसवितात. अंगणांत चैत्रांगणाची रांगोळी रेखितात. तींत शंख, चक्र, गोपद्में, तुळस, कमळ, चंद्रसूर्य व फणी-करंडा हीं चिन्हें असतात. एखाद्या मंगळवारीं वा शुक्रवारीं सुवासिनींस हळदीकुंकवास बोलावून भिजविलेल्या हरभऱ्यांनीं त्यांची ओटी भरितात आणि कैरीची वाटली डाळ व पन्हें देतात. यांत ऋतूची जाण आहे. झाडास कैरी तेव्हांच लागते, आणि आपल्या परभणी जिल्ह्यांत पाराही ४० अंशांवर जाऊं लागतो. मी ख्रिस्ती आहें. माझ्या घरीं गौर बसत नाहीं. तथापि येलदरीस शेजारचें पन्हें आमच्या घरीं दरवर्षीं येतें.

परंतु एका विद्यार्थ्यानें या सणावरील निबंधांत लिहिलें होतें, "बाबा होते तेव्हां आईला बोलावणें येई. आतां त्या दिवशीं ती दार लावून बसते." त्या ओळीवर तांबडी शाई चालविण्यास माझा हात धजला नाहीं.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ मध्यें विधवेशीं विवाह केला व १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढिला. तरीही कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवास, विधवेचें कुंकू पुसणें व बांगड्या फोडणें बंद करावें, असा ठराव २०२२ मध्यें करावा लागला. कायदा ग्रंथांत लवकर येतो. उंबरठ्याच्या आंत येण्यास त्यास फार काळ लागतो.

माहेरीं आलेल्या लेकीस कुंकू पाहून कोणी घरांत घेत नाहीं. गौर तर माहेरवाशीणच आहे. तेव्हां मुलांनो, येत्या चैत्रांत तुमच्या घरीं हळदीकुंकू असेल, तर बोलावणें करण्यास निघण्यापूर्वीं आईस एवढेंच विचारा, "आपल्या आळींतील कोणतें दार आपण वगळीत आहों?" आणि त्या दारीं प्रथम जा.