निळा पडदा म्हणजे कोरी कॅसेट नव्हे

जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडला, कॅसेट फिरते आहे, मधूनच सनईही ऐकू येते, पण पडद्यावर नुसता निळा रंग. आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटचं हेच झालं. दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या निकाल दिला, "पुसली गेलीय, टाकून द्या." तीच कॅसेट शेजाऱ्यांच्या माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या डबा टीव्हीवर लावली, तर अख्खी वरात दिसली, बँडवाल्यांसकट.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र 625 रेघांचं. टेप ताणली गेली, यंत्र जरा डगमगलं, की रेघा ठरल्या वेळी पोचत नाहीत. पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. वरची कड वाकडी दिसायची इतकंच. डिजिटल टीव्हीला एवढी सबुरी नाही. ताल चुकला की तो सिग्नलच नाही असं धरून पडदा निळा किंवा काळा करतो. तेव्हा आधी ट्रॅकिंगचं बटण फिरवा, हेड साफ करून घ्या. काही व्हीसीआर स्वतःच निळा पडदा टाकतात. मेनूत ती सोय बंद करता येते का तेही बघा. चित्राच्या अगदी तळाशी वळवळणारी पट्टी दिसली तर घाबरू नका. ती पूर्वीही होती, फक्त जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

आता वायरींचं. पिवळी चित्राची, पांढरी नि लाल आवाजाची. काही टीव्हींना पिवळं भोकच नसतं. हिरव्या भोकाभोवती पिवळी खूण असते, पिवळी पिन तिथेच लावायची. काहींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्याला टीव्हीसोबत आलेलीच वायर लागते. कॅमेऱ्याची वायर दिसायला तशीच, पण तिची आतली जोडणी वेगळी असू शकते. चित्राऐवजी गुरगुर ऐकू आली तर तिन्ही पिना अदलूनबदलून बघा. तरीही जमलं नाही तर वायर बदला.

टीव्हीला एचडीएमआयच असेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि खरी फसगत इथेच होते. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' या दोन डब्या दिसायला जुळ्या, कामं मात्र उलटी. दुकानदाराने मला बिनदिक्कत पहिली काढून दिली होती. आपल्याला दुसरी हवी: तीन रंगीत भोकांशी 'इन' आणि एचडीएमआयशी 'आउट' लिहिलेली. तिला 5 व्होल्टचा पुरवठा लागतो. टीव्हीच्या यूएसबीवर चित्र लुकलुकलं तर मोबाइलचा चार्जर लावा. चित्र रुंद होऊन नवरामुलगा जाडजूड दिसत असेल तर टीव्हीवर 4:3 निवडा. चित्र स्वच्छ होण्याची आशा मात्र धरू नका. कन्व्हर्टर फक्त रूप बदलतो, टेपवर नसलेला तपशील कुठून आणणार?

अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट काळीपांढरी दिसली किंवा सरकत राहिली, तर ती 525 रेघांच्या एनटीएससी पद्धतीची असणार. ती लावायला दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर शोधावा लागतो. आणि हे शोधणं पुढे ढकलू नये, कारण 2016 साली फुनाई या जपानी कंपनीने उत्पादन थांबवल्यावर नवे व्हीसीआर बनायचेच बंद झाले.

कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेली कॅसेट आधी खिडकीपाशी धरून बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी; तशी कॅसेट यंत्रात घातलीत तर हेड माखतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. कॅसेट निरोगी दिसली तरी पहिल्या खेपेला लग्नाची घालू नका. व्हिडिओ लायब्ररीची परत करायची राहिलेली एखादी सिनेमाची असेलच घरात, तिचा बळी द्या. दंड मागायला आता कोणी येत नाही.