हिंजवडीची वाढ आणि पाण्याचा प्रश्न

मुळशी तालुक्यातील हिंजवडी व माण ही एके काळी शेतीची गावे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास प्रारंभ केला. कचेऱ्यांमागोमाग घरे, दुकाने, शाळा व रुग्णालये आली. कामाच्या ठिकाणाजवळच वस्ती असली म्हणजे रोजचा प्रवास वाचतो, हे एकात्मिक नगरवसाहतीमागील सूत्र होय. मात्र उद्योगक्षेत्राच्या हद्दीबाहेरील उंच इमारतींचा भार ग्रामपंचायतींवर पडला आणि अनेक गृहसंकुलांना टँकरचे पाणी विकत घ्यावे लागले.

याच तालुक्यात मुळा नदीवर मोठे धरण आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्यात जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण झालेच. त्याचे पाणी मुख्यतः वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे, भिरा येथे उतरते.

2015 मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. 2021 मध्ये सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. इमारती आधीच उभ्या होत्या. जलवाहिन्या व साठवण टाक्यांची कामे मागाहून हाती घ्यावी लागली.