खांद्याची भूल आणि पडद्यावरचे चकवे

खांद्यावर शस्त्रक्रिया झाली की नंतर वेदना फार होतात. त्या होऊ नयेत म्हणून खांद्याचे मज्जातंतू काही तासांपुरते बधिर करतात. पण सुई टोचायची ती खांद्यात नव्हे, मानेत! असे का बरे?

मानेत मणके ७, पण मज्जातंतूंच्या जोड्या मात्र ८ असतात. त्यांपैकी पाचव्या ते आठव्या जोडीचे आणि छातीतील पहिल्या जोडीचे तंतू एकत्र गुंफले जाऊन हाताकडे जातात. खांद्याच्या वाट्याला मुख्यतः पाचवा व सहावा तंतू येतो. मानेच्या बाजूला पुढचा आणि मधला असे दोन ‘स्केलीन’ स्नायू असतात. त्यांच्यामधल्या फटीतून हे तंतू खाली उतरतात. या फटीत औषध सोडण्याची पद्धत अमेरिकन भूलतज्ज्ञ अलॉन विनी यांनी १९७० साली मांडली. त्या वेळी फट बोटांनी चाचपून शोधावी लागे. आज श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींपासून तयार झालेले चित्र पडद्यावर पाहत सुई पुढे नेतात. जेथून प्रतिध्वनी जोराने येतो तो भाग पांढरा दिसतो, जेथून येत नाही तो काळा. फटीतले तंतू एकाखाली एक अशा तीन काळ्या वर्तुळांसारखे, जणू चौकातल्या वाहतूक-दिव्यांसारखे दिसतात.

सगळे डोळ्यांसमोर दिसत असताना चूक होईलच कशी? पण होऊ शकते.

चकवा पहिला : काळे वर्तुळ म्हणजे मज्जातंतूच, असे नाही. रक्तवाहिनीही तशीच दिसते. औषध चुकून रक्तात गेले तर झटके येऊ शकतात. म्हणून डॉप्लर परिणामाचा उपयोग करतात. वाहत्या रक्ताकडून येणाऱ्या प्रतिध्वनीची कंप्रता बदलते आणि यंत्र तो भाग रंगीत दाखवते. मज्जातंतू मात्र रंगत नाही.

चकवा दुसरा : तीन वर्तुळे म्हणजे पाचवा, सहावा आणि सातवा तंतू असे वाटते. पण पुष्कळ माणसांत सहावा तंतूच दुभंगून दोन वर्तुळे दिसतात. ‘दोन तंतूंच्या मध्ये’ म्हणून घातलेली सुई मग एकाच तंतूत घुसते! काही माणसांत तर पाचवा तंतू फटीत नसतोच; तो पुढच्या स्नायूतून आरपार किंवा त्याच्यापुढून जातो.

चकवा तिसरा : हा सर्वांत महत्त्वाचा. पुढच्या स्नायूवरून एक बारीक तंतू छातीत उतरतो. तो श्वासपटल हलवतो. औषध पसरून त्याच्यापर्यंत पोहोचले की त्या बाजूचे अर्धे श्वासपटल काही तास लुळे पडते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या सर्वच रोग्यांत असे आढळले. २००८ सालच्या अभ्यासात २० मिलिलिटर औषधाने सर्वांचे, तर ५ मिलिलिटरने ४५ टक्के रोग्यांचे श्वासपटल दुर्बल झाले. निरोगी माणसाचे उरलेल्या अर्ध्यावर भागते. फुप्फुसाच्या रोग्याला मात्र श्वास अपुरा पडू शकतो. अशा वेळी औषध कमी देतात, किंवा मान सोडून खांद्याजवळच्या तंतूंना बधिर करतात.

मग तंतू ओळखायचा कसा? एकाच चित्रावर विसंबायचे नाही. यंत्राची मूठ मानेवर वर-खाली सरकवत प्रत्येक वर्तुळाचा त्याच्या मणक्यापर्यंत माग काढायचा. सहाव्या मणक्याच्या आडव्या हाडाला पुढे व मागे असे दोन उंचवटे असतात. सातव्याला सहसा पुढचा उंचवटा नसतो. या खुणेवरून तंतूचा क्रमांक कळतो. यंत्र फक्त छाया दाखवते. त्या छायेला नाव द्यायला शरीररचनेचे ज्ञानच लागते.

आता हे सोडवा : मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. प्रतिध्वनी २६ मायक्रोसेकंदांनी परत आला, तर तंतू किती खोल असेल? ध्वनी जातो आणि परतही येतो, हे विसरू नका! (उत्तर : सुमारे २ सें.मी.)