टेपवरचा बॅकअप शाबूत आहे ना?

प्रश्न : आमच्या बियाणे कंपनीचा डेटा दर आठवड्याला एलटीओ टेपवर घेतो. सॉफ्टवेअर ‘बॅकअप यशस्वी’ दाखवतं. तेवढ्यावर विसंबावं का?
– एक वाचक, मस्तगड, जालना

उत्तर : मुळीच नाही. एलटीओ ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून तपासतो, त्यामुळे ‘यशस्वी’चा अर्थ एवढाच, की त्याच्याकडे जे आलं ते टेपवर उमटलं. मूळ फाइल बिघडलेली असेल, तर बिघाडही जसाच्या तसा उतरतो. म्हणून डेटा नीट आहे याची खात्री असतानाच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढा आणि ती यादी टेपपासून वेगळी ठेवा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी चेकसम पार वेगळा येतो. दर तिमाहीला एखादी जुनी टेप काढा, फाइली रिकाम्या डिस्कवर उतरवा, चेकसम ताडून पाहा. मग हिशेबनिसाला त्यातलं खातं उघडून बघायला सांगा. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, आणि खरी परीक्षा तीच असते. शक्य तर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा; बिघडू लागलेल्या ड्राइव्हची टेप कधी कधी फक्त त्यालाच वाचता येते. नवा ड्राइव्ह घेताना जपा : एलटीओ-८ ला एलटीओ-६ ची टेप वाचता येत नाही. आणि जालन्याच्या मे महिन्यात टेपा बंद गाडीत अजिबात ठेवू नका.